मागे सरून बस

पालकहो,

परवा पालकसभा संपल्यावर एक आई माझ्यासाठी थांबली होती. मोठी मुलगी सहावीत, धाकटं बाळ कडेवर. बाकीचे पालक पांगेपर्यंत ती भिंतीशी उभी राहिली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, एक विचारू? आमच्या झोपायच्या खोलीतच वायफायचा डबा आहे. समोरच्या इमारतीवर टॉवर आहे. त्या रेडिएशननं बाळाला काही होईल का हो?" तिनं हातातला फोन उलटा करून दाखवला. मागे नाण्याएवढी चकती चिकटवलेली होती. रेडिएशन शोषून घेते, असं सांगून कुणीतरी ती विकली होती.

"घाबरू नका," असं म्हणून मी तिची पाठ थोपटली. पण घरी जाताना मन खात राहिलं. हाच प्रश्न वर्गातल्या एखाद्या मुलानं विचारला असता, तर मी फळ्यावर आकृती काढून समजावलं असतं. आईला मात्र मी नुसता धीर दिला, उत्तर दिलं नाही. आईची काळजी म्हणजे अडाणीपणा नव्हे. यंत्रांतून निघणाऱ्या रेडिएशनचा जगात जो अभ्यास झाला, त्याच्या मुळाशी पुष्कळदा अशीच कुणाची तरी काळजी होती. म्हणून तिला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आज तुम्हा सगळ्यांपुढे ठेवते आहे.

सुरुवात बुटांच्या दुकानापासून करू या.

१८९५ साली जर्मनीत राँटगेननी क्ष-किरण शोधून काढले. हाताची हाडं जिवंतपणी दिसू लागली म्हटल्यावर सारं जग हरखलं. पण काही महिन्यांतच या किरणांवर काम करणाऱ्यांची कातडी भाजू लागली, केस गळू लागले. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली क्ष-किरणांच्या नळ्या रोज स्वतःच्या हातावर तपासायचा. त्याचे हात कापावे लागले आणि १९०४ साली तो कर्करोगानं गेला. त्याचे हाल पाहून एडिसननं क्ष-किरणांचं काम सोडून दिलं.

एवढं होऊनही १९२०नंतर अमेरिकेत आणि युरोपात बुटांच्या दुकानांत क्ष-किरणांची पेटी आली. मुलानं नवे बूट घालून पेटीच्या खालच्या खाचेत पाय सरकवायचे. वर पाहायला तीन झरोके असत. एक मुलाला, एक आईला आणि एक दुकानदाराला. बुटाच्या आत बोटांची हाडं हिरवट उजेडात हलताना दिसायची. मुलांना गंमत वाटे आणि आईला वाटे, आपण अगदी शास्त्रीय पद्धतीनं बूट घेतोय. एकट्या अमेरिकेत अशा सुमारे १०,००० पेट्या होत्या. मग काही डॉक्टरांनी आणि संशोधकांनी त्या पेट्यांतून किती किरण बाहेर पडतात, हे मोजायला सुरुवात केली. १९४९ साली त्यांचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले. पेट्यांतून किरण गळत होते, वाढत्या हाडांवर नको इतके पडत होते आणि दिवसभर पेटीशेजारी उभ्या असणाऱ्या विक्रेत्यांना तर रोजच त्यांचा मारा होत होता. १९५७ साली पेनसिल्व्हेनिया राज्यानं या पेट्यांवर बंदी घातली आणि हळूहळू त्या सगळीकडून गेल्या.

त्या आयांना मी दोष देणार नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मापं घेतली गेली तेव्हा खरं काय ते कळलं, हे मात्र आपण लक्षात ठेवू या.

दुसरी गोष्ट आपल्या जास्त ओळखीची आहे. आमच्या चाळीत पहिला शटरचा टीव्ही आला, तेव्हा रविवारच्या सिनेमाला अख्खी चाळ त्या एका खोलीत जमायची. पोरंटोरं पुढे पुढे सरकत जायची आणि मागून आजीचा आवाज यायचा, "मागे सरून बस! डोळे जातील!" का जातील, हे आजीला सांगता आलं नसतं. तुमच्याही घरी हे वाक्य ऐकू आलं असेलच.

१९६७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं जाहीर केलं, की तिच्या मोठ्या पडद्याच्या काही रंगीत टीव्हींतून मर्यादेपेक्षा जास्त क्ष-किरण बाहेर पडताहेत. असे सुमारे ९०,००० संच होते. टीव्हीतून क्ष-किरण कसे काय, असं तुम्हाला वाटेल. जुन्या रंगीत टीव्हीत काचेच्या नळ्या असत आणि त्यांत हजारो व्होल्टच्या दाबानं इलेक्ट्रॉन पळवले जात. इतक्या वेगानं आलेला इलेक्ट्रॉन धातूवर किंवा काचेवर आदळून थांबला, की क्ष-किरण निर्माण होतात. राँटगेननी वापरलेली नळी याच तत्त्वावर चालत होती. त्या संचांतली एक नळी नीट झाकलेली नव्हती आणि तिचे किरण मुख्यतः संचाच्या खालच्या बाजूनं निघत होते. पुढच्याच वर्षी, १९६८ साली, अमेरिकेनं यंत्रांतून निघणाऱ्या रेडिएशनवर कायदा केला. टीव्हीच्या पृष्ठभागापासून पाच सेंटिमीटरवर मोजलं तर तासाला अर्ध्या मिलिराँटजेनपेक्षा जास्त भरता कामा नये, अशी मर्यादा ठरली. किरण अडवणारी शिसेयुक्त काच आणि सुधारलेली रचना टीव्हीत आली. आजच्या सपाट टीव्हीत आणि मोबाईलच्या पडद्यात इलेक्ट्रॉन पळवणारी ती नळीच नसते, त्यामुळे तिथे क्ष-किरणांचा प्रश्न उरलेला नाही.

या दोन गोष्टींतून रेडिएशनविषयी विचारायचे पहिले तीन प्रश्न हाती येतात. कसलं? किती? आणि किती लांबून?

आधी 'कसलं?' पाहू. रेडिएशनला शाळेच्या पुस्तकात आपण 'प्रारण' म्हणतो. उन्हाचा प्रकाश, रेडिओच्या लहरी, क्ष-किरण ही सगळी प्रारणंच, पण त्यांचा स्वभाव एक नाही. मी वर्गात कैरीचं उदाहरण देते. झाडावरच्या कैरीवर कितीही मुठी वाळू फेकली तरी ती पडत नाही. एकच दगड नेमका बसला की खाली येते. क्ष-किरण दगडासारखे असतात. त्यांच्या एकेका कणात पेशीतल्या डीएनएचे धागे तोडण्याइतकी ऊर्जा असते. मोबाईलच्या, वायफायच्या आणि टॉवरच्या लहरी वाळूसारख्या. त्यांच्या एकेका कणाची ऊर्जा इतकी थोडी, की ते धागे तिला तोडता येत नाहीत. मात्र वाळू भरपूर फेकली तर ऊब निर्माण होते. मायक्रोवेव्हमध्ये आपण याच उबेवर अन्न गरम करतो. म्हणून या लहरींवरच्या मर्यादा शरीर किती तापतं ते मोजून आणि त्याच्या पुष्कळ खाली ठरवलेल्या असतात.

"वाळूचंही आणखी काही होत असेल तर?" असं तुमच्यापैकी कुणीतरी विचारेल. विचारलंच पाहिजे. शास्त्रज्ञांनीही विचारलं.

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात नॅन्सी वर्थायमर ही संशोधिका रक्ताच्या कर्करोगानं गेलेल्या मुलांच्या घरांचे पत्ते घेऊन गल्लोगल्ली फिरत होती. एखाद्या संसर्गाचा माग लागतो का, हे तिला पाहायचं होतं. फिरता फिरता तिच्या लक्षात आलं, की यातल्या बऱ्याच घरांजवळ विजेचे ट्रान्सफॉर्मर आहेत, आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर डीपी असते तसे. तिचे सहकारी एड लीपर भौतिकशास्त्रज्ञ होते. तारांतून वीजप्रवाह वाहतो तेव्हा भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्याचा काही संबंध असेल का, असा दोघांनी विचार केला. मग आजारी मुलांची आणि निरोगी मुलांची घरं, आणि त्यांच्याजवळच्या तारा, अशी तुलना केली. १९७९ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. जास्त प्रवाहाच्या तारांजवळ राहणाऱ्या मुलांत हा आजार दोन ते तीन पट आढळतो, असं त्यात होतं.

ते वाचून किती आयांची झोप उडाली असेल, याची कल्पना करा. पण चौथा प्रश्न इथेच येतो. 'पुन्हा कुणी तपासलं का?'

या दोघांनी घरांच्या आत जाऊन क्षेत्र मोजलेलं नव्हतं, बाहेरच्या तारा पाहून अंदाज केला होता. शिवाय कुठलं घर आजारी मुलाचं, हे तारा पाहताना त्यांना ठाऊक होतं. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी असं आधी ठाऊक असलं, की नजर नकळत झुकते. १९८८ साली डेन्व्हरमध्येच दुसऱ्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा संबंध दिसला, पण बराच फिका. १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं ६३८ आजारी आणि ६२० निरोगी मुलांचा अभ्यास केला. या वेळी मुलाच्या झोपायच्या खोलीत यंत्र ठेवून चोवीस तास मोजलं. तारांशी आजाराचा संबंध दिसला नाही आणि घरातल्या मोजमापांतूनही ठोस आधार मिळाला नाही. पुढे २००० साली बऱ्याच देशांचे अभ्यास एकत्र केल्यावर असं दिसलं, की शेकड्याला एकाहूनही कमी मुलं ज्या तीव्र क्षेत्रात राहतात, तिथे धोका दुप्पट भासतो. तो खरा आहे की अभ्यासात सामील व्हायला कुठली कुटुंबं तयार झाली यातून आलेला भास आहे, हे ठरवता आलेलं नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००२ साली अशा क्षेत्राला 'शक्यता नाकारता येत नाही' अशा गटात टाकलं.

नॅन्सी वर्थायमर चुकली, असं मी मुलांना कधीच सांगत नाही. तिनं प्रश्न विचारला म्हणून पुढच्यांनी यंत्रं लावली. विज्ञानात पहिला अभ्यास हा एक प्रश्न असतो. गडबड होते ती आपण त्याला निकाल समजतो तेव्हा.

याच सुमारास कचेऱ्यांत संगणक आले. १९८०च्या सुमारास कॅनडातल्या टोरांटोमध्ये एका दैनिकाच्या कचेरीत पडद्यासमोर काम करणाऱ्या सात बायका गरोदर होत्या आणि त्यांपैकी चौघींच्या बाळांत जन्मजात व्यंग निघालं. घबराट पसरणारच. १९८८ साली कॅलिफोर्नियात १,५८३ गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला. आठवड्याला वीस तासांहून जास्त वेळ पडद्यासमोर बसणाऱ्यांत गर्भपात जास्त दिसले. पण ही वाढ कारकुनी काम करणाऱ्यांत होती. तेवढाच वेळ पडद्यासमोर बसणाऱ्या अधिकारी स्त्रियांत ती नव्हती. पडद्याचे किरण काही हुद्दा पाहून पडत नाहीत. मग कामाचा ताण, मान वर न करता तासन्‌तास बसणं, यातलं तर काही नसेल? १९९१ साली अमेरिकेतल्या टेलिफोन ऑपरेटर स्त्रियांवरचा अभ्यास आला. काम एकसारखंच होतं, फक्त एका गटापुढे पडदा होता आणि दुसऱ्यापुढे नव्हता. या वेळी क्षेत्रंही मोजली होती. पडद्यावाल्या गटात गर्भपाताचं प्रमाण १४.८ टक्के आणि बिनपडद्यावाल्यांत १५.९ टक्के निघालं. म्हणजे पडद्यामुळे काही वाढलं नव्हतं.

ती सगळी काळजी वाया गेली का? मला तसं वाटत नाही. तिच्यामुळे स्वीडननं पडद्यांसाठी कडक मानकं आणली आणि जगभरचे पडदे सुधारले. बसायची खुर्ची, मधली विश्रांती, डोळ्यांवरचा ताण याविषयी पहिल्यांदा नीट बोललं जाऊ लागलं. आपल्याकडेही नव्वदीच्या दशकात संगणकाला काळी काच लावायची पद्धत होती, ती तुमच्यातल्या काहींना आठवत असेल.

आता मोबाईल. १९९३ साली अमेरिकेत एका माणसानं टीव्हीवर येऊन सांगितलं, की माझ्या पत्नीला मेंदूची गाठ झाली ती मोबाईलमुळे. १९९५ साली सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात हेन्री लाय आणि नरेंद्र सिंग यांनी उंदरांना दोन तास मायक्रोवेव्ह लहरींत ठेवलं आणि मेंदूच्या पेशींत डीएनएचे धागे तुटलेले दिसले, असं लिहिलं. वाळूनं कैरी पाडल्यासारखंच हे होतं. दुसऱ्या प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा अनेकांना तसं दिसलं नाही. २००० साली ब्रिटनच्या तज्ज्ञ समितीनं सांगितलं, की धोक्याचा पुरावा दिसत नाही, तरी मुलांनी गरजेशिवाय मोबाईलवर बोलू नये. मुलांची कवटी पातळ असते आणि त्यांच्यापुढे वापराची वर्षंही जास्त असतात. २०१० साली तेरा देशांचा मोठा अभ्यास आला. एकूणात धोका वाढलेला दिसला नाही, पण सर्वांत जास्त बोलणाऱ्या गटात आकडा थोडा वर होता. त्यातल्या काहींनी सांगितलेले बोलण्याचे तास विश्वास बसू नये इतके होते, म्हणून संशोधकांनी स्वतःच त्यावरून निष्कर्ष काढायचं टाळलं. २०११ साली मोबाईलच्या लहरीही 'शक्यता नाकारता येत नाही' या गटात गेल्या. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही पुढे त्याच गटात आला. एखादी गोष्ट या गटात आहे म्हणजे ती घातक ठरली, असं नव्हे. तिच्याकडे लक्ष ठेवायचं, एवढाच त्याचा अर्थ.

मुलांसाठी सर्वांत महत्त्वाचा अभ्यास अलीकडचा आहे. चौदा देशांतली १० ते २४ वयाची मुलं त्यात होती आणि भारत त्या देशांपैकी एक होता. मेंदूची गाठ झालेल्या सुमारे ९०० मुलांची अशी गाठ नसलेल्या मुलांशी तुलना केली. मोबाईल वापरल्यानं गाठ होते, असा पुरावा मिळाला नाही. काळजी म्हणून आपल्याकडे २०१२च्या सप्टेंबरमध्ये टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली गेली आणि फोनला शरीराच्या दर किलोला १.६ वॅट ही मर्यादा लागू झाली.

त्या आईला आता मी नीट उत्तर देऊ शकते. टॉवरपेक्षा कानाला लावलेल्या फोनची लहर शरीरात जास्त जाते, कारण तो जवळ असतो. उगमापासून लांब जावं तशी लहर झपाट्यानं विरळ होते. वायफायचा डबा पाळण्याशेजारून उचलून बाहेरच्या खोलीत ठेवा, मन शांत होईल आणि काही बिघडणारही नाही. बराच वेळ बोलायचं असेल तर स्पीकर लावा. सिग्नल अगदी कमी असेल तिथे फोन जास्त जोर लावतो, म्हणून लिफ्टमध्ये, बेसमेंटमध्ये बोलणं टाळा. ती चकती काढून टाका. अशा चकत्यांनी संरक्षण होत नाही, उलट सिग्नल अडला तर फोन जास्त जोर लावेल. अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेनंही लोकांना याबाबत सावध केलेलं आहे.

पण आई, तुझ्या बाळाची खरी काळजी मला वेगळीच वाटते. मुलीसारखी आहेस म्हणून एकेरीत बोलते. फोनमधून निघणारं एक प्रारण असं आहे, की ज्याचा परिणाम मोजला गेलाय, पुन्हा तपासला गेलाय आणि जे डोळ्यांना सरळ दिसतं. ते म्हणजे पडद्याचा प्रकाश. बॉस्टनच्या संशोधकांनी बारा तरुणांना पाच रात्री झोपण्याआधी चार तास उजळ पडद्यावर वाचायला दिलं आणि दुसऱ्या पाच रात्री छापील पुस्तक दिलं. पडद्याच्या रात्री झोप आणणारं मेलाटोनिन कमी झालं, झोप उशिरा लागली आणि शरीराचं घड्याळ तासाहून जास्त पुढे ढकललं गेलं. हे मोठ्यांचं. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांखालच्या मुलांपुढे पडदा नकोच म्हणते आणि पाच वर्षांखालच्यांना दिवसाला तासाभराहून जास्त नको म्हणते. घास भरवताना समोर फोन धरण्याची सवय आपण सहज लावतो. बाळाच्या डोक्यात जाणाऱ्या लहरींपेक्षा ही सवय मला जास्त छळते.

तुझी मोठी मुलगी सहावीत आहे. तिच्या वर्गात चष्मे वाढलेले मी रोज पाहते. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत मुलांना रोज चाळीस मिनिटं जास्त उघड्यावर पाठवलं. तीन वर्षांनी बाहेर गेलेल्या मुलांत ३०.४ टक्क्यांना लांबचं कमी दिसू लागलं होतं. बाकीच्यांत ३९.५ टक्क्यांना. औषध नाही, यंत्र नाही. फक्त बाहेरचा लख्ख उजेड. तोही प्रारणच आहे आणि आपल्या मुलांना हल्ली तोच कमी पडतोय.

म्हणून पालकहो, रेडिएशन हा शब्द कानावर पडला की चार प्रश्न विचारा. कसलं? किती? किती लांबून? आणि पुन्हा कुणी तपासलं? बुटांच्या दुकानातल्या आयांना हे प्रश्न विचारायची सोय नव्हती. आपल्याला आहे.

आणि आज संध्याकाळी एवढं करा. घरातले सगळे फोन, तुमचेसुद्धा, रात्री ओट्याशेजारी चार्जिंगला लावून ठेवा. त्याआधी, ऊन उतरायच्या आत, मुलांना घेऊन खाली अंगणात किंवा गच्चीवर जा. मुलं पडद्याला चिकटली होती तेव्हा आजी त्यांना मागे सरायला सांगायची. आपण त्यांना दाराबाहेर घेऊन जाऊ.

तुमची,
बाई